बामीची उघडी रास

मोरखारच्या मिठागरात चैत्राच्या सुमारास गेलात तर बांधाच्या दोन्ही अंगांना मिठाच्या राशी दिसतात, पण मीठ दिसत नाही. प्रत्येक रास पेंढ्याने आणि झावळ्यांनी अशी शाकारलेली असते की लांबून पाहणाऱ्याला वाटावे, इथे ठेंगण्या माणसांची वस्ती आहे. अलीकडे काही राशींवर जुने फलकही आले आहेत. निवडणूक संपल्यावर फलकाचा दुसरा उपयोग काय, हा प्रश्न निदान या गावापुरता सुटला आहे. त्यामुळे एखाद्या राशीवर कुणीतरी हात जोडून, हसत, आभाळाकडे तोंड करून आडवा पडलेला असतो.

या झाकलेल्या राशी संपतात तिथे खारजाय देवीचा ओटा आहे. देवी म्हणजे शेंदूर फासलेला एक दगड. ओट्याच्या पलीकडे, खाडीच्या उताराला, एक रास मात्र उघडी असते. कमरेएवढी, उन्हात डोळ्यांना खुपेल इतकी पांढरी, अंगावर पेंढ्याची काडीसुद्धा नाही. तिच्या शेजारी, ओट्यावर देवीसमोर, रुंद तोंडाचे एक मातीचे मडके सुलटे ठेवलेले असते. आत डोकावून पाहिले तर रिकामे.

मोरखारला बाहेरची माणसे येतात ती रोहित पक्षी पाहायला. गळ्यात दुर्बिणी, डोक्यावर टोप्या, सोबत गाळलेल्या पाण्याच्या बाटल्या. भरती आली की पक्षी खाडीपलीकडे निघून जातात आणि मंडळींना एकाएकी रिकामा वेळ मिळतो. मग कुणाची तरी नजर त्या राशीवर जाते. प्रत्येक तुकडीत एक परोपकारी गृहस्थ असतोच. तो शेजारच्या राशीवरचा पेंढा उपसून उघडी रास झाकायला निघतो.

"ऱ्हाव द्या," ओट्याच्या सावलीत बसलेले काथोडदादा म्हात्रे जागचे न हलता म्हणतात. "ती झाकाची ऱ्हायलेली नाय. ठेवलेली हाय."

काथोडदादांचा जन्म मिठागरात गेला. आता गुडघे गेले आहेत, आवाज आहे. हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटले आहे की त्यात आता राग उरलेला नाही, फक्त सवय आहे. मग मंडळी बसतात आणि दादा सांगू लागतात. ही गोष्ट कधीची, हे विचारायचे नाही. विचारले तर ते म्हणतात, "माझे आज्याचे आज्यानं पन ऐकलेलीच हाय." त्यापुढे चौकशी चालत नाही.

तर असे सांगतात की त्या काळी मोरखारात राशी झाकायची पद्धतच नव्हती. सगळ्या राशी आभाळाखाली उघड्या. निष्काळजीपणा म्हणावा, तर तसेही नव्हते. गाव फार काळजी घेणारे होते. काळजी घेता घेताच ते या थराला आले होते.

मोरखारची जमीन खारी. तिच्यात भात होत नसे, फक्त मीठ होई. उन्हाळ्याच्या शेवटी गलबते यायची, मीठ भरून न्यायची आणि बदल्यात भात उतरवून जायची. म्हणजे गावाचे वर्षभराचे जेवण त्या राशींत. आणि मिठाला साऱ्या जगात एकच वैरी, गोडे पाणी. मृगाच्या पावसाशी गावाचे भांडण नव्हते. तो यायचा तेव्हा मीठ गेलेले असायचे. भीती होती ती चैत्रातल्या पावसाची. तो सांगून येत नाही, घटकाभर कोसळतो आणि पाहुण्यासारखा निघून जातो. डोंगराकडच्या लोकांना त्याचे केवढे कौतुक! त्यांची धूळ बसायची, झऱ्यांना ओल यायची, आंबा भरायचा. मोरखारात मात्र फाल्गुन लागला की 'ढग' हा शब्द तोंडातून काढायची चोरी. एखाद्या सुनेने चुकून काढला तर थोरल्या बायका तिला खाडीत थुंकून यायला लावायच्या.

यावर गावाने तोडगा काढला होता, पाऊस बांधायचा. होळीच्या दुसऱ्या दिवशी खारजायसमोर एक मडके पालथे घालायचे, भगताने त्यावर मंत्र म्हणायचे. त्या मडक्याखाली पाऊस अडकला. मीठ गलबतांवर चढले की मडके सुलटे करायचे आणि पावसाला मोकळे सोडायचे. मडके पालथे घालणारा हात एकाच घरचा, आणि सुलटे करणारा हातही त्याच घरचा. दुसऱ्या कुणी शिवायचे नाही. एकदा मडके बसले की राशी झाकायला मनाई. देवीने पाऊस बांधलेला असताना रास झाकणे म्हणजे देवीच्या शब्दावर अविश्वास दाखवणे. कुणा बापड्याने एकदा आपल्या राशीवर नुसती चटई टाकली होती, तर त्याच्या घरचे पाणी गावाने कितीतरी दिवस बंद केले होते.

खारजायकडे मोरखारने कधी भात मागितला नाही, लेकरे मागितली नाहीत, आयुष्य मागितले नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिच्याकडे एकच अर्ज जायचा आणि त्यात एकच मजकूर असायचा: येऊ देऊ नको.

देवीही मोठी सोशिक. बहुतेक वर्षी येऊ देत नसे. मग गोमा भगत म्हणायचा, माझ्या मंत्राचा गुण. एखाद्या वर्षी पाऊस आला आणि राशी गळाल्या, की तो म्हणायचा, गावात कुणाचा तरी विटाळ झाला. या व्यवस्थेत भगत कधी चुकू शकत नव्हता, म्हणून ती फार वर्षे टिकली.

मडक्याचा मान ज्या घरचा होता, त्या घरात बामी नावाची बाई होती. नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली. मुलगा कान्हू गलबतावर खलाशी, तो गलबताबरोबरच यायचा. घरात बामी आणि सून येसू. मान म्हटला तरी त्याचे ओझेच जास्त. मडके पालथे घातल्यापासून गलबते भरेपर्यंत बामीने ओट्यावर बसायचे. उन्हात बसायचे, तिथेच निजायचे, घरी जायचे ते फक्त जेवायला. तिची सासू हेच करीत आली, सासूची सासूही हेच. या कामाचे कुणी कधी कौतुक केल्याचे ऐकिवात नाही. पाऊस आल्यावर मात्र सगळ्यांचे डोळे आधी ओट्याकडे वळायचे.

त्या वर्षी होळीच्या पुनवेला असे उधाण आले की म्हाताऱ्यांनीही तसे पाहिले नव्हते. राशी उंचावर होत्या, त्या वाचल्या. पण गावाच्या गोड्या तळ्याचा बांध फुटला आणि समुद्र आत आला. गावाने खांड बुजवली, बांध पूर्वीपेक्षा उंच केला, आणि मग लक्षात आले की समुद्र आतच राहिला आहे.

गावात दुसरे गोडे पाणी नव्हते. खाडीपलीकडे डोंगराच्या पायथ्याला एक झरा होता, तिथून होडीने पाणी येऊ लागले. आधी घरटी एक कळशी, मग दोन घरांत एक. उन्हाने झरा बारीक झाला तशी तिकडची माणसे म्हणाली, आमची गुरे ओरडतात, तुम्हाला कुठले द्यायचे? ते खोटे बोलत नव्हते. तिथली गुरे या काठावरूनही ऐकू यायची.

याच दिवसांत येसू बाळंत झाली. मुलगी झाली. बाळंतिणीला ताप भरला आणि अंगावरचे दूध आटू लागले.

"आये," ती जेवायला आलेल्या बामीला म्हणाली, "पोर तोंड लावते नि सोडून देते. रडत पन नाय आता."

बामीने आपल्या वाटणीचे पाणी तिच्यापुढे सरकवले आणि ती कोरडा घास गिळून ओट्यावर परत आली. असे ती रोजच करीत होती. ओट्यावर बसून तिला रोज दुपारनंतर एकच देखावा दिसायचा. पूर्वेला डोंगरावर ढग चढायचे. काळे व्हायचे. तिकडे वीज लवायची, ओल्या मातीचा वास खाडी ओलांडून यायचा आणि बामीच्या कोरड्या नाकात शिरायचा. खाडीच्या मध्यापर्यंत सावली यायची. मग ढग थबकायचे आणि माघारी फिरायचे.

गाव सुटकेचा श्वास टाकायचे. बामी पालथ्या मडक्याकडे पाहायची. ढग का फिरतात ते तिला ठाऊक होते. तिनेच त्यांना बांधले होते, आपल्या हाताने, गावाच्या कल्याणासाठी. आणि तिच्या घरात एक पोर रडायचे विसरली होती.

एका दुपारी येसूने डोळे उघडले नाहीत. बामीने ओल्या बोटाने तिचे ओठ पुसले, तर ओठांनी ते बोट धरून ठेवले. बामी बोट सोडवून ओट्यावर आली आणि देवीसमोर उभी राहिली.

काहीतरी मागावे असे तिच्या मनात होते. पण मागायचे कसे, हे तिला कुणी शिकवले नव्हते. इतकी वर्षे या दगडापाशी बसून तिला एकच वाक्य येत होते, आणि तेच आज नको होते. बराच वेळ ती उभी राहिली. असे सांगतात की शेवटी ती एवढेच म्हणाली, "आये, मी दमले. तुला द्याचा असंल तं दे, नसंल तं नको. पन येव देव नको, असा मी आता सांगनार नाय."

मग ती बांधावर चढली आणि ओरडली. आठवडाभर पोटभर पाणी न प्यालेल्या बाईचा तो आवाज, पण मिठागराच्या पार टोकापर्यंत गेला म्हणे.

"झाका रे! राशी झाका! मी मडका सुलटा करतेय!"

हाशा पाटील धावत आला. त्याच्यामागे गोमा भगत, आणि त्याच्यामागे हातातले काम टाकून सगळे आगर.

"बामीबाय, उन्हानं डोका फिरला का गो तुझा?" पाटलाने विचारले.

"फिरला असंल. तू झाक."

"गावाचा भात हाय त्या मिठात!"

"भात शिजवाला पानी लागतं, पाटील."

 पाटलाच्याही घरात त्या दिवशी चूल पेटलेली नव्हती. गोमा भगत मात्र पुढे सरसावला. "देवी कोपंल. मी आताच सांगून ठेवतो."

"ठेव," बामी म्हणाली. "तू सांगून ठेवलेला लय हाय, त्यात आनखी येक." मग ती साऱ्यांकडे वळून म्हणाली, "तुमच्या राशी झाकाला तुमाला येळ देते. माझी मी झाकत नाय. तिला मीठच खायाचा असंल तं माझा खाव दे."

तिची रास ओट्याच्या पलीकडे, अगदी उताराला होती. कान्हू नसताना, येसू भरल्या दिवसांची असताना, बामीने एकटीने ओढून घातलेली. गावातली सगळ्यात लहान रास होती ती. तिच्यात त्या घराचा वर्षाचा भात होता.

आता मनाई मोडायची की नाही यावर चर्चा व्हायला हवी होती. पण डोंगरावर त्याच वेळी वीज चमकली आणि चर्चा राहून गेली. लोक घरांकडे धावले. कुणी पेंढा आणला, कुणी झावळ्या, कुणी निजायच्या चटया, कुणी छपरावरचे गवत उपसून आणले. एकाने म्हणे घराचे दारच काढून आणले. एकमेकांना शिव्या देत, एकमेकांच्या राशींवर चढत, साऱ्या मोरखारने आयुष्यात पहिल्यांदा मीठ झाकले. मग बामी ओट्यावर गेली. तिने मडक्याला हात लावला आणि ते सुलटे केले.

ढग खाडीच्या मध्यापर्यंत आले. गडगडले. आणि माघारी फिरले.

उन्हे पुन्हा पडली. झाकलेल्या राशींमध्ये धापा टाकत उभे असलेले गाव आधी आभाळाकडे पाहू लागले, मग बामीकडे. पहिल्यांदा कोण हसले ते माहीत नाही. पण मग सगळेच हसले, आणि त्या हसण्यात गंमत फार थोडी होती.

"बामीचा पाऊस आयला गो! डोक्यावरून पदर घ्या, भिजाल!"

"माझी गोधडी गेली त्या राशीवर. आता रातचे काय, मीठ पांघरू?"

पाटील हसला नाही. तो ओट्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "झाला ता झाला. मडका पालथा कर, बामीबाय. मी कोनाला बोलू देनार नाय."

"तुमचा हात मडक्याला चालत नाय," बामी म्हणाली, "नि माझा आता उठत नाय."

दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. ढग आले, थबकले, गेले. येता-जाता टोमणे चालू होते. बामीने एकालाही उत्तर दिले नाही. कंठाला कोरड पडली की माणूस आपोआप शहाण्यासारखा गप्प बसतो. ती घरी जायची, येसूच्या ओठांना पाण्याचे बोट लावायची, पोरीची छाती हलते का पाहायची आणि परत येऊन बसायची. तिला विश्वास होता का? हा प्रश्न दुर्बिणवाल्यांपैकी कुणीतरी दरवर्षी विचारतो. काथोडदादा म्हणतात, विश्वास ठेवायलाही अंगात थोडे पाणी लागते. ती बसली होती, एवढे खरे. उठून कुठे जाणार?

आणि इथे दादा एक गोष्ट सांगतात, ती देवीकडे पाठ करून आणि आवाज थोडा उतरवून. पाऊस काही येत नाही असे दिसल्यावर गोमा भगताने फर्मान काढले की राशी ताबडतोब उघडा, देवीचा अपमान होतो आहे. सगळ्यांना ते पटले. पण राशी झाकताना जीव मेटाकुटीला आला होता, आणि उघडायलाही तितकीच मेहनत होती. घशात थेंब नाही, वर ऊन. जो तो म्हणाला, उद्या उघडू. मोरखारचे मीठ वाचले ते श्रद्धेने नव्हे, आणि अविश्वासानेही नव्हे. आळसाने वाचले. देवीला हेही साधन चालते, असे दादांचे मत आहे.

त्यानंतरच्या दिवशी ढग आलेच नाहीत. निदान डोंगरावर तरी नाहीत. उकाडा असा की पक्षी चोची उघडून बसलेले. दिवस कलायला लागला तेव्हा खाडीवरचा वारा एकदम पडला, आणि बामीच्या लक्षात आले की आपली सावली कुठे दिसत नाही. तिने वर पाहिले. ढग डोंगरावरून आलेले नव्हते, ते समुद्रावरून, गावाच्या पाठीमागून आले होते. त्या बाजूला कुणी बघतच नव्हते.

मिठावर पहिला थेंब पडतो त्याला आवाज नसतो. नुसते भोक पडते. बामीच्या राशीला एक भोक पडले. मग दुसरे. मग ते मोजायच्या पलीकडे गेले आणि पाऊस कोसळला.

गाव घरांत पळाले. बामी जागची हलली नाही. डोळ्यांसमोर तिची रास आधी खडबडीत झाली, मग तिला ओघळ फुटले, मग ती खांद्यातून खचली आणि पांढऱ्या धारा उताराने खाडीत जाऊ लागल्या. खाडीचे खाडीला गेले. त्या धारांत वर्षाचा भात होता, हे ती पाहत होती. तोंडावरून पाणी वाहत होते, ते ती पीत होती. आनंद झाला का तिला? दादा म्हणतात, तेवढे त्राण नव्हते. ती फक्त म्हणाली, "आयलास? बस."

कुणाला म्हणाली, यावर गावात दोन मते आहेत.

सर ओसरली तेव्हा मडक्यात पाणी साचले होते. फार नव्हे, तळ झाकून वर चार बोटे. ते दोन्ही हातांनी छातीशी धरून बामी चिखलातून घरी गेली. येसूचे डोके मांडीवर घेऊन तिने ते पाणी चमच्याचमच्याने तिच्या तोंडात सोडले. पहिले ओघळून गेले. दुसरे घशाखाली उतरल्याचा आवाज आला. हा आवाज आपण त्या पावसापेक्षाही मोठा ऐकला, असे बामी पुढे सांगायची म्हणे.

इकडे सारे गाव तळ्यावर लोटले होते. हंडे, कळश्या, घागरी. बांधावर रेटारेटी करीत प्रत्येकाने भांडे तळाशी बुडवले, भरभरून वर काढले, तोंडाला लावले आणि थुंकून टाकले. खारट. जसेच्या तसे खारट.

"बघितलात?" गोमा भगत म्हणाला. "पाऊस आयला, पन देवीनं पानी दिला नाय."

तेवढ्यात बामी आली. मडके येसूच्या उशाशी ठेवून ती नुसती करवंटी घेऊन आली होती, कारण भरलेला हंडा उचलायची ताकद तिच्यात नव्हती. ती बांधावरून वाकली. खोल वाकणे तिला जमेना, हात खाली जाईना. करवंटी पाण्यावर टेकली, वरच्यावर थोडे पाणी तिच्यात आले, तेवढेच तिने उचलले आणि प्याली. मग तिने करवंटीत पुन्हा पाहिले. पुन्हा वरच्यावर पाणी घेतले आणि पाटलापुढे धरले.

पाटील प्याला.  त्याने करवंटी परत केली, हातातला हंडा बांधावर उपडा ठेवला, गुडघ्यांवर बसला आणि ओंजळीने वरचे पाणी घेऊ लागला.

गोडे पाणी हलके. पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखे पसरून राहिले होते. ज्यांनी भांडी खोल बुडवली त्यांनी साय फोडून समुद्र वर काढला होता. आता कुणी पाणी ढवळायचे नव्हते, रेटायचे नव्हते, ओरडायचेही नव्हते. मोरखारच्या माणसांना हे फार जड गेले. पण अंधार पडेपर्यंत सगळे गाव तळ्याभोवती गुडघ्यांवर बसून, करवंट्यांनी, पानांनी, पसरट झाकणांनी, श्वास धरून पाणी उचलत होते. दुरून पाहणाऱ्याला वाटले असते, गाव पूजेला बसले आहे. तसे नव्हते. तहान लागली होती. पण दोन्हींत फरक कितीसा होता, हे आता सांगणे कठीण आहे.

त्या चैत्रात आणखी एक-दोन सरी आल्या. येसू उठून बसली, तिला दूध आले, पोर रडायला लागली. ती रडायला लागली तेव्हा शेजारच्या बायका कौतुकाने ऐकायला आल्या होत्या.

गलबते आली. झाकलेल्या राशी कडांनी थोड्या गळल्या होत्या, पण उभ्या होत्या. मीठ चढले, भात उतरला. कान्हू उडी मारून किनाऱ्यावर आला आणि उताराकडे पाहत राहिला. तिथे ओल्या मातीचा एक फिकट गोल तेवढा होता.

"आये, आपली रास कुठं गेली?"

बामीने पोर त्याच्या हातात दिली. "ही काय. धर."

त्या वर्षी बामीच्या दारात भात आला, घराघरातून, टोमण्यांसकट. 'आमच्या गोधडीचा भाव लाव त्यात,' असेही कुणी म्हणाले. पण आला.

पुढल्या वर्षी होळीच्या दुसऱ्या दिवशी सारे गाव ओट्याभोवती जमले. बामी आता मडके कसे ठेवते ते पाहायचे होते. ती त्या साली मिठागरात उतरलीच नव्हती. कंबर गेली होती, त्यामुळे उताराला तिची रास नव्हती. तिने मडके आणले, देवीसमोर सुलटे ठेवले आणि शेजारी बसली. गोमा भगताने तोंड उघडले, पण मंत्र पालथ्या मडक्याचे होते. सुलट्याचे त्याला येत नव्हते. त्याने तोंड मिटले.

मग हाशा पाटील उठला. आपल्या राशीतून त्याने एक टोपली मीठ भरून आणले आणि बामीच्या रिकाम्या जागेवर ओतले.  त्याच्यामागून दुसरा उठला, मग तिसरा. प्रत्येक घरची एक टोपली पडली. शेवटची गोमा भगताची. ती थोडी उणी होती, असे सांगतात. नंतर सगळे आपापल्या राशींकडे गेले आणि आपापले मीठ नीट झाकू लागले.

एवढे सांगून काथोडदादा थांबतात. भरती अजून उतरलेली नसते. परोपकारी गृहस्थाला शंका असतेच. "पण काका, हल्ली या अवकाळीनं नुकसानच होतं ना? पेपरात रोज असतं."

"व्हतं ना," दादा म्हणतात. "म्हनून तं बाकीच्या झाकतो."

आता निम्मे आगर बंद पडले आहे. गावात नळ आला आहे, तो एक दिवसाआड येतो, आणि येतो तेव्हा लोक त्याच्यापुढेही जवळजवळ हातच जोडतात. तरी होळीच्या दुसऱ्या दिवशी घरटी एक टोपली उताराला पडते. ज्यांची आगरे गेली, ते वाण्याकडून पुडा आणून ओततात, देवी चालवून घेते. चैत्रात सर आली की बायका करवंट्या घेऊन तळ्यावर जातात, वरच्यावर पाणी उचलतात आणि ते पहिल्यांदा गावातल्या बाळंतिणीला देतात. त्या तळ्यात हंडा कुणी बुडवत नाही.

काही वर्षी सर येत नाही. रास तशीच उभी राहते, तिच्यावर धूळ बसते, मडक्यात वाळके पान येऊन पडते. मग मृग येतो आणि रास घेऊन जातो. ते उत्तर म्हणून कुणी धरत नाही, कुणी तक्रारही करत नाही. मडके विसळून घरात ठेवतात.

आजही दुपार कलली की काथोडदादा आपले दुखरे गुडघे उचलून ओट्याची बाजू बदलतात. ढग डोंगरावरून येतात हे त्यांना ठाऊक आहे. पण ते बसतात समुद्राकडे तोंड करून.